एलजीबीटी स्थलांतरितांसाठी मोफत तपासणी शिबिर ठेवलंय पण कुणी येतच नाही, आता काय करायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही चौघं मिळून वर्षभर दर महिन्याला एक मोफत शिबिर घेताय, दुसऱ्या देशातून आलेल्या एलजीबीटी लोकांसाठी, एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस सगळ्या टेस्ट ठेवल्यात, एक डॉक्टर स्वतःहून वेळ देतात, पत्रकं चार भाषांत छापलीत, आणि तरी येतात पाच-सहा जण, तेही परत दिसत नाहीत. मग तुम्ही विचारलंय की आता प्रचार वाढवावा, की हे बंद करून सरळ कायदे आणि धोरणं बदलण्याच्या मागे लागावं. मी पेशाने नर्स आहे, बारा-तेरा वर्षं हेच काम करतेय, आधी एकटी आणि मग एका छोट्या गटाबरोबर, त्यामुळे जे करून बघितलंय तेवढंच सांगते. उत्तर लांबेल, कारण या विषयात दोन ओळींत सांगितलेलं उपयोगी पडत नाही.

पहिलं म्हणजे प्रश्न प्रचाराचा नाहीये असं मला वाटतं. पत्रक पोचलं नाही म्हणून लोक आले नाहीत असं सहसा नसतं. पत्रक वाचतात, पत्ता लक्षात ठेवतात आणि फाडून टाकतात, कारण ते खिशात सापडलं तर रूमवरच्यांना काय सांगायचं. तुमच्या दारातून आत पाऊल टाकलं की त्या माणसाच्या तीन गोष्टी एकदम उघड्या पडतात, एक तो गे किंवा ट्रान्स आहे, दुसरं तो बाहेरून आलाय आणि कदाचित कागदपत्रं पूर्ण नाहीत, आणि तिसरं त्याला काहीतरी आजार आहे किंवा असल्याची शंका आहे. यातली एकेक गोष्ट सांगायलाच त्याला वर्षानुवर्षं लागलेली असतात आणि आपण म्हणतो रविवारी दहा वाजता या आणि तिन्ही सांगा.

आणि उघडं कुणासमोर पडायचं? आम्हीपण सुरुवातीला इथेच चुकलो. आपल्याला वाटतं यांना भीती पोलिसांची, सरकारची, व्हिसाची. ती असतेच. पण त्याहून जवळची भीती स्वतःच्याच माणसांची असते. नव्या देशात खोली कुणी मिळवून दिली, काम कुणी लावून दिलं, भाषा येत नव्हती तेव्हा फॉर्म कुणी भरून दिले, तर आपल्याच गावाकडच्या, आपल्याच भाषेतल्या लोकांनी. आणि कळलं तर तेच लोक एका रात्रीत सामान बाहेर ठेवू शकतात, तिकडे आईवडिलांना फोन लावू शकतात. ज्याच्या आधाराने उभं राहायचं त्याच्यापासूनच लपायचं, असं ते जगणं असतं. आता बघा, तुम्ही लिहिलंय की त्या त्या देशाचे लोक जिथे जमतात तिथेच तुम्ही पोस्टर लावता. म्हणजे तुमचं पोस्टर नेमकं तिथे आहे जिथे त्याकडे दोन सेकंद जास्त बघणंसुद्धा धोक्याचं आहे.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मी तुमच्यासाठी ठरवू शकत नाही. तुम्ही ज्या देशात आहात तिथे समलिंगी संबंध गुन्हा आहेत का, कारण जगात आजही ६० हून जास्त देशांत ते गुन्हाच आहेत, आणि तशा ठिकाणी असलं काम वेगळ्याच नावाने आणि वेगळ्याच सावधपणे करावं लागतं. कागदपत्रं नसलेल्याला सरकारी दवाखान्यात फक्त इमर्जन्सी मिळते की सगळं मिळतं. दवाखान्याला रुग्णाची माहिती इमिग्रेशनकडे द्यावी लागते का. या तीन प्रश्नांची उत्तरं तुमच्या ओळखीच्या कार्यकर्त्याकडून नको, एखाद्या वकिलाकडून लेखी घ्या, आणि दरवर्षी परत विचारा कारण नियम बदलतात. तिसऱ्याचं उत्तर माहीत नसताना कुणाला ‘काही होत नाही हो, या तुम्ही’ असं कधीच म्हणू नका. एकदा मी म्हटलं होतं. त्या बाईला पुढे काही झालं नाही, पण मला उत्तर माहीत नव्हतं आणि मी तिला खात्री दिली होती, ते अजून टोचतं.

आता दुभाष्याबद्दल, कारण तुमच्या लिहिण्यात ओझरतं आलंय की ‘कम्युनिटीतलेच स्वयंसेवक भाषांतराला असतात’. एक मुलगा आमच्याकडे तीनदा आला, तिन्ही वेळा तक्रार पोटदुखीची. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या, काही सापडेना. चौथ्या वेळी आमचा नेहमीचा दुभाषी आजारी होता म्हणून फोनवरून दुसरा घेतला, दुसऱ्या देशातला पण तीच भाषा बोलणारा, आणि या मुलाचं नावही त्याला सांगितलं नाही. दहा मिनिटांत मुलाने सांगितलं की गुदद्वारापाशी जखम आहे, दोन महिने झाले. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ना, तो तेच करत होता, आणि त्याची चूक काहीच नव्हती. आमचा दुभाषी अतिशय सज्जन माणूस होता, पण तो त्याच मुलाच्या गल्लीत राहायचा.

तेव्हापासून आमची पद्धत अशी आहे की दुभाषी ठरवायच्या आधी त्या माणसाला विचारायचं, तेही तुटक्यामुटक्या भाषेत का होईना पण एकट्याला, की तुला पुरुष हवा की बाई, समोर हवा की फोनवर, तुझ्याच देशातला चालेल की नको. घरचं माणूस, नवरा, भाऊ, मुलगा यांच्याकडून भाषांतर कधीच नाही, कितीही घाई असली तरी. आणि दुभाष्याबरोबर आधी पंधरा मिनिटं बसायचं, कारण कित्येक भाषांमध्ये गे किंवा ट्रान्स माणसासाठी लोकांच्या तोंडी असलेला शब्द म्हणजे शिवीच असते, आणि दुभाषी मनात काही वाईट नसताना तोच शब्द वापरतो. समोरचा तो ऐकतो आणि मिटून जातो. म्हणून ओळखीचे शब्द वापरूच नका, सरळ वागण्याबद्दल विचारा. ‘तू गे आहेस का’ याऐवजी ‘पुरुषांशी संबंध येतात का, बायकांशी येतात का, दोघांशी येतात का’, आणि हे सगळ्यांनाच विचारतो असं आधी सांगायचं. स्वतःला गे न म्हणवणारे पण पुरुषांशी संबंध असणारे पुष्कळ असतात, लग्न झालेले, मुलंबाळं असलेले, आणि त्यांना तुमच्या पत्रकावरचा एलजीबीटी हा शब्द आपल्यासाठी आहे असं वाटतच नाही.

मग करायचं काय? माझं म्हणणं एवढंच आहे की आधी लोकांबरोबर जायला लागा. शिबिर, क्लिनिक, मोर्चा, निवेदन सगळं त्यानंतर. एखाद्याला दवाखान्यात जायचंय, त्याच्याबरोबर तुमच्यापैकी एकाने जायचं, रांगेत उभं राहायचं, आत बसायचं, बाहेर येऊन औषध घ्यायचं. हे ऐकायला फार छोटं वाटतं आणि निधी देणाऱ्यांना तर अजिबात आवडत नाही, कारण एका दिवसात एकच माणूस होतो. पण विश्वास बसतो तो असाच, आणि दुसरं म्हणजे दार नक्की कुठे बंद होतं ते तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, ते घरी बसून नाही कळत.

बरोबर जाण्याची पण एक रीत आहे. दवाखान्याच्या दारात भेटायचं नाही, थोडं लांब भेटायचं. जाताना ठरवायचं की डॉक्टरला काय सांगायचं आणि काय नाही सांगायचं, कारण पाय मुरगळलाय तर तो कुणाबरोबर राहतो हे सांगायची काही गरज नाही. तपासणीच्या वेळी मी आत थांबू की बाहेर जाऊ ते आधीच विचारून घ्यायचं. आत गेल्यावर त्याच्या वतीने बोलायचं नाही, डॉक्टर माझ्याकडे बघून बोलायला लागले की मी त्या माणसाकडे बघते, मग डॉक्टरही तिकडे बघतात. औषधाचं नाव, किती दिवस, परत कधी यायचं हे मी लिहून घेते आणि तो कागद त्यालाच देते. एका ट्रान्स मुलीबरोबर गेले होते, वेटिंगमध्ये तिचं जुनं, कागदावरचं नाव मोठ्याने पुकारलं, सगळ्यांनी मान वळवली आणि ती उठलीच नाही, नंबर गेला. दोन तास थांबून आम्ही परत आलो. त्या दिवशी तिच्यावर उपचार झाले नाहीत याचं कारण कायदा नव्हता, पैसा नव्हता, नुसती नाव पुकारायची पद्धत होती. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे परत येणारे.

आता वैद्यकीय बाजू, कारण बरोबर जाणाऱ्याला निदान एवढं माहीत असलंच पाहिजे. सगळ्यात तातडीचं म्हणजे पेप. असुरक्षित संबंध आला, कंडोम फाटला किंवा बलात्कार झाला तर एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या, ७२ तासांच्या आत सुरू झाल्या पाहिजेत, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस घ्यायच्या. तुमच्या शहरात शनिवारी रात्री पेप कुठे मिळतं हे तुमच्या चौघांना आत्ता, हे वाचताना, सांगता येतंय का? येत नसेल तर पुढच्या शिबिराच्या आधी हेच शोधा. प्रेप वेगळं, ते एचआयव्ही होऊ नये म्हणून संबंधाच्या आधीपासून घ्यायचं असतं, जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच जास्त धोका असलेल्या सगळ्यांसाठी त्याची शिफारस केलीये आणि आता गोळ्यांशिवाय इंजेक्शनंही आहेत, पण ती तुमच्याकडे मिळतात का हे तपासावं लागेल.

जे आधीच एचआयव्हीवर औषध घेत होते त्यांचं दुखणं वेगळं. ते प्रवासात निघताना बाटलीवरचं लेबल खरवडून काढतात किंवा गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत भरून आणतात, कारण सीमेवर बॅग उघडली तर? ही भीती उगाच नाहीये. १९८९ मध्ये हान्स पॉल व्हेरहूफ हा डच कार्यकर्ता अमेरिकेत परिषदेला चालला होता, मिनेसोटात त्याच्या सामानात एझेडटी हे एचआयव्हीवरचं औषध सापडलं आणि त्याला एचआयव्ही आहे म्हणून अडकवून ठेवलं. आज नियम बऱ्याच ठिकाणी बदललेत पण भीती पिढ्यांपिढ्या तोंडोतोंडी चालत येते. तर असा माणूस तुमच्याकडे येतो, शेवटच्या दहा-बारा गोळ्या उरल्यात आणि औषधाचं नाव माहीत नाही. गोळी फेकू देऊ नका, तिच्यावर कोरलेली अक्षरं-आकडे असतात, त्यावरून फार्मासिस्ट बऱ्याचदा ओळखू शकतो. जुन्या दवाखान्याला मेसेज करून रिपोर्ट मागवता येत असेल तर त्याच्या परवानगीने मागवा. खंड पडला तर व्हायरस औषधाला दाद देईनासा होऊ शकतो, म्हणून ही अपॉइंटमेंट ‘पुढच्या महिन्यात बघू’ अशी नसते.

आणि एक वाक्य प्रत्येकाला त्याच्या भाषेत सांगता आलंच पाहिजे. औषध नीट चालू असेल आणि रक्तात व्हायरस सापडत नसेल तर संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. हे धीर देण्यासाठी म्हणायचं वाक्य नाहीये, २०१९ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासात ७८२ गे जोडप्यांनी मिळून सुमारे ७६ हजार वेळा कंडोमशिवाय संबंध ठेवले, जोडीदारांपैकी एकाला एचआयव्ही होता आणि तो औषधावर होता, आणि जोडीदाराकडून जोडीदाराला लागण एकदाही झाली नाही. हे ऐकून एक चाळिशीचा माणूस माझ्यासमोर बराच वेळ रडला. दहा वर्षं त्याने कुणाला हातसुद्धा लावू दिला नव्हता.

ट्रान्स लोकांच्या हार्मोन्सबद्दल वेगळं सांगते कारण इथे रागावणारे डॉक्टर फार भेटतात. बरीच मंडळी वाटेत, वेटिंग लिस्टमध्ये, स्वतःच कुठून तरी घेऊन हार्मोन्स चालू ठेवतात. त्यांना ‘बंद कर’ म्हणालात तर ती परत येणार नाहीत आणि औषधही बंद होणार नाही. विचारायचं काय घेतेस, किती, कुठून आणतेस, सुई एकटीची आहे की वाटून वापरता. गर्भनिरोधक गोळ्यांतून इस्ट्रोजेन मिळवणाऱ्या पुष्कळ असतात, त्यातल्या एथिनिल इस्ट्राडिऑलने रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, त्यात सिगरेट असेल तर आणखी, म्हणून डॉक्टरांकडून साध्या इस्ट्राडिऑलवर नेणं हेच पहिलं काम. स्पायरोनोलॅक्टोन, म्हणजे पुरुषी हार्मोन दाबणारी गोळी, चालू असेल तर पोटॅशियम बघावं लागतं. ट्रान्स पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉनने रक्त घट्ट होऊ शकतं, तेही तपासायचं, आणि पाळी थांबली म्हणजे गरोदरपण शक्य नाही असं बिलकुल नाही, हे बऱ्याच जणांना कुणीच सांगितलेलं नसतं. गर्भाशय असेल तर गर्भाशयमुखाची तपासणीही लागते, आणि त्यासाठी बायकांच्या विभागात दाढीवाल्या माणसाबरोबर कुणीतरी उभं राहणारं लागतं.

लेस्बियन आणि बायसेक्शुअल बायकांबद्दल तुमच्या प्रश्नात एक ओळही नाही, हे दोष म्हणून नाही सांगत, सगळीकडे तसंच आहे. निधी एचआयव्हीचा, त्यामुळे नजरही पुरुषांकडे. पण यातल्या कितीतरी जणी नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या असतात, लग्न जबरदस्तीचं, कागद त्याच्या हातात, बाहेर पडली तर देशात राहायचा हक्कच जातो की काय ही भीती. त्या एचआयव्ही टेस्टच्या शिबिराला कशाला येतील? आमच्याकडे त्या आल्या त्या मुलांच्या लसीकरणाच्या निमित्ताने, अंगदुखीच्या निमित्ताने, झोप लागत नाही म्हणून. म्हणून सांगते, शिबिर बंद करू नका, त्याचं स्वरूप बदला. सगळ्या स्थलांतरितांसाठी ठेवा, बीपी, शुगर, हिपॅटायटिस बी ची लस, दात, डोळे, काय जमेल ते, आणि त्यातच आतल्या खोलीत एकेकट्याला तुमच्या बाकीच्या टेस्ट. आत जाणाऱ्याकडे बघून रस्त्यावरच्याला काहीच कळता कामा नये. इंद्रधनुष्याचं चिन्ह लावायचंच असेल तर आतल्या खोलीत, नर्सच्या कोटावर, बोटाच्या पेराएवढं. ज्याला बघायचंय त्याला ते दिसतं.

मनाच्या आरोग्याबद्दल थोडक्यात. आल्या आल्या कुणाच्या जखमा उकरू नका, ‘तुझ्याबरोबर काय झालं सगळं सांग’ हे तर नकोच. आश्रयाचा अर्ज केलेल्यांना तीच कहाणी अधिकाऱ्यासमोर, वकिलासमोर पुन्हा पुन्हा सांगावी लागते, तुम्ही आणखी एक जागा होऊ नका. पण काही जण अजूनही स्वतःला रोगी समजतात, कारण तिकडच्या डॉक्टरने तसं सांगितलेलं असतं, त्यांना मी साधी माहिती देते की जागतिक आरोग्य संघटनेने समलिंगी असणं आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढलं आणि ट्रान्स असणं २०१९ मध्ये मानसिक आजारांच्या प्रकरणातून हलवलं. नर्सच्या तोंडून हे ऐकलं की त्याला वेगळं वजन येतं.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट, तुम्हाला लवकरच भेटेल. कुणीतरी येईल आणि म्हणेल, मी गे आहे असं सर्टिफिकेट द्या, अर्जाला जोडायचंय. देऊ नका, आणि नकार प्रेमाने समजावून द्या. असं काही तपासून सिद्ध करता येत नाही, युरोपियन युनियनच्या न्यायालयानेही २०१४ मध्ये असल्या चाचण्या आणि खासगी प्रश्नांना आळा घातला आणि २०१८ मध्ये मानसशास्त्रीय चाचण्यांवरून लैंगिकता ठरवायला मनाई केली. आम्ही पत्र देतो ते फक्त आम्ही जे पाहिलं त्याचं, की हा माणूस अमुक महिन्यापासून आमच्याकडे येतो, इतक्या वेळा आला, या गटात भाग घेतो. मारहाणीच्या, छळाच्या खुणा असतील तर त्या नोंदवायची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, इस्तंबूल प्रोटोकॉल, १९९९ ची, २०२२ मध्ये सुधारलेली, आणि त्यात प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरकडेच पाठवा, कारण हौसेने लिहिलेला अर्धवट रिपोर्ट अर्ज बुडवू शकतो. वकिलाला हेही आठवण करून द्या की संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलंय, ‘लपून राहिलास तर त्रास होणार नाही’ असं सांगून आश्रय नाकारता येत नाही.

आता नोंदी. आम्ही सुरुवातीला उत्साहाने एक शीट बनवली होती, नाव, देश, फोन, व्हिसा, आजार सगळं, आणि ती सात जणांच्या फोनवर होती. शिवाय सगळ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला, म्हणजे सोय व्हावी म्हणून. ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो हे माहीत असूनही डोक्यात आलं नाही, आणि एकाने दुसऱ्याचा नंबर ओळखला, तो त्याच्या चुलतभावाच्या मित्राचा होता. त्या मुलाने त्याच आठवड्यात शहर सोडलं. कुठे गेला ते आम्हाला कधीच कळलं नाही. तो ग्रुप मी बनवला होता. आता आम्ही ब्रॉडकास्ट लिस्ट वापरतो, त्यात कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही, मेसेजमध्ये आजार, एलजीबीटी, क्लिनिक असे शब्द नसतात, फक्त वार आणि वेळ. नाव त्याला आवडेल ते, देश आणि व्हिसा लिहायचाच नाही. जी माहिती तुमच्याकडे नाहीच ती कुणी मागू शकत नाही आणि चोरूही शकत नाही.

आत्तापर्यंतचं एका दमात सांगायचं तर पोस्टर हलवा, दुभाषी बदला, शिबिर सगळ्यांसाठी करा, आणि लोकांबरोबर चालायला लागा. आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, धोरणाचं काम.

तुम्ही सेवा किंवा चळवळ यातलं एक निवडायचं असं धरून चाललाय. मला ते वेगळे वाटतच नाहीत. बरोबर जाणाऱ्या प्रत्येकाकडे आमच्यात एक छोटी वही असते, त्यात माणसाचं काहीच नाही, फक्त तारीख, दार कुठलं, तिथे काय म्हणाले, आणि नियम खरं काय सांगतो. मघाशी सांगितलं ना नाव पुकारण्याचं, तसं आम्ही एकाच दवाखान्यातलं सहा महिन्यांत सतरा वेळा लिहिलं. ती पानं घेऊन आम्ही तिथल्या मेट्रनला भेटलो, घोषणा नाही, पत्रकार नाहीत, एकच मागणी, नावाऐवजी टोकन नंबर पुकारा. तिने विचारलं एवढंच? पंधरा दिवसांत झालं, आणि फायदा सगळ्याच पेशंटना झाला. दुसऱ्या ठिकाणी ‘येण्याचं कारण’ काउंटरवर मोठ्याने विचारायचे, तिथे चिठ्ठी सुरू झाली. मोठी मागणी, म्हणजे दवाखान्याची माहिती इमिग्रेशनकडे जाणारच नाही अशी पक्की भिंत, ती इतक्या लवकर होत नाही, तिला वकील लागतात, डॉक्टरांच्या संघटना लागतात, पण तिथेही टेबलावर ठेवायला तुमची वहीच असते. नुसत्या भावना घेऊन गेलात तर चहा मिळतो आणि निरोप मिळतो.

मोठ्या लढाया किती चालतात त्याचं एक उदाहरण मला नेहमी बळ देतं. अमेरिकेने १९८७ मध्ये एचआयव्ही असलेल्या परदेशी लोकांना प्रवेशबंदी केली. १९९० च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक एड्स परिषदेवर कितीतरी संघटनांनी बहिष्कार घातला, १९९२ ची परिषद बोस्टनमध्ये व्हायची होती ती सरळ ॲमस्टरडॅमला हलवली, आणि तरी १९९३ मध्ये तीच बंदी कायद्यात घातली गेली. लोक थांबले नाहीत. शेवटी जानेवारी २०१० मध्ये बंदी उठली आणि २०१२ मध्ये परिषद वॉशिंग्टनला भरली. बावीस वर्षं. या सगळ्या काळात कुणीतरी रोज कुणाच्या तरी औषधाची सोय करतच होतं.

दोन गोष्टींत मात्र फार जपा. एखाद्या दवाखान्यात एखादी नर्स कागद न मागता गुपचूप बघते, अशी माणसं असतात, आणि तुम्हाला मनापासून वाटेल की तिचं जाहीर कौतुक करावं. करू नका. बातमी आली की वरून विचारणा होते आणि ते दार बंद होतं, कायमचं. दुसरं, निधीसाठी लोकांच्या कहाण्या आणि फोटो मागितले जातात, पाठमोरा फोटोसुद्धा देऊ नका, चप्पल आणि जॅकेटवरून ओळखतात. बोलायचंच असेल तर ज्यांचं जगणं आहे त्यांनी, त्यांनी ठरवलेल्या शब्दांत, आणि त्या दिवसाचा मोबदला घेऊन. १९८३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला एड्स असलेल्या लोकांनी स्वतःच लिहून ठेवलंय की आम्हाला बळी म्हणू नका आणि आमच्याबद्दलचे निर्णय होतात तिथे आम्हाला बसवा. तुमच्या चौघांत स्थलांतरित कुणी आहे का हे तुम्ही लिहिलं नाहीये. नसेल तर पुढच्या सहा महिन्यांत निदान दोघं असायला हवेत, भाषांतराला नाही, निर्णयाला.

तुम्ही शेवटी विचारलंय की असं केलं तर किती दिवसांत लोक यायला लागतील. आमच्याकडे पहिल्या चार महिन्यांत तिघं आली होती. पाचव्या महिन्यात त्या तिघांपैकी एक, ती नंबर गेलेली ट्रान्स मुलगी, दाराशी आली आणि आत न येता म्हणाली की बाहेर कोपऱ्यावर माझी मैत्रीण उभी आहे, तिला भीती वाटतेय, मी तिच्याबरोबर आत येऊ का.